तुर्कूचा परिसर : समुद्रातून वर आलेला इतिहास

फिनलंड म्हटले, की बर्फ, सांताक्लॉजचे गाव आणि उत्तरेकडील आकाशात नाचणारा रंगीत प्रकाश, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हेलसिंकीत एक मुक्काम आणि तेथून थेट लॅपलंड, हाच सहलींचा सर्वसाधारण बेत असतो. या देशाचा इतिहास जेथे घडला तो नैर्ऋत्य किनारा या वाटेवर येतच नाही. हेलसिंकीपासून रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेले तुर्कू हे फिनलंडचे सर्वांत जुने शहर. लोकसंख्या जेमतेम दोन लाख. परंतु या शहराच्या वेशीबाहेर पडले, की तास-दीड तासाच्या प्रवासात लोहयुगातील टेकडी, मध्ययुगीन किल्ला, अस्पर्श दलदल, सरदारी वाडा आणि हजारो बेटांचा समुद्र एकामागोमाग एक भेटत जातात. चार-पाच दिवसांची निवांत सुटी घालविण्यासाठी यापेक्षा वेगळा परिसर युरोपात क्वचितच सापडेल. येथे निसर्ग आणि इतिहास अशी दोन स्वतंत्र दालने नाहीत. एकाचा माग काढीत गेले, की दुसरा आपोआप सामोरा येतो.

दर शतकाला हातभर नवी भूमी

हा परिसर समजून घ्यायचा तर आरंभ हिमयुगापासून करावा लागतो. उत्तर युरोपवर एके काळी किलोमीटरगणिक जाडीचा हिमथर पसरलेला होता. त्याच्या भाराने येथील भूकवच खाली दबले गेले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हा बर्फ वितळून गेला आणि भारमुक्त झालेली भूमी हळूहळू वर येऊ लागली. ती क्रिया आजही थांबलेली नाही. तुर्कूच्या किनाऱ्यावर जमीन वर्षाला सुमारे ४ मिलिमीटर वर येते, म्हणजे शतकात साधारण हातभर. अलीकडे समुद्राची पातळीही वाढू लागल्याने या उंचावण्याचा काही भाग झाकला जातो; परंतु मागील हजारो वर्षांचा हिशेब भूमीच्याच बाजूने झुकलेला आहे.

या संथ हालचालीचे परिणाम जागोजागी दिसतात. आजोबांनी ज्या धक्क्याला होडी बांधली, तेथे नातवाच्या काळात वेत-बोरू माजतात. खाडीचे तळे होते, तळ्याची दलदल होते आणि दलदलीचे कुरण. आउरा नदीच्या मुखाशी असलेले बंदर शतकानुशतके समुद्राच्या मागोमाग सरकत आले आणि शहरही त्याबरोबर सरकले. १२८० च्या सुमारास तुर्कूच्या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा तो नदीच्या मुखावरील एका बेटावर होता. आज पर्यटक तेथे कोरड्या पायाने जातात.

राजधानीपद गमावलेले शहर

तुर्कूची स्थापना १२२९ मध्ये झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. या वर्षी पोपने येथील बिशपचे पीठ हलविण्यास अनुमती दिली. पुढे जवळजवळ सहा शतके फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा पूर्वेकडील भाग होता आणि तुर्कू हे त्या भागाचे प्रमुख नगर. १३०० मध्ये कॅथेड्रलचे पवित्रीकरण झाले. १६४० मध्ये राणी क्रिस्टिनाच्या कारकीर्दीत येथे फिनलंडचे पहिले विद्यापीठ स्थापन झाले.

१८०९ मध्ये स्वीडनला हा प्रदेश रशियाच्या स्वाधीन करावा लागला आणि चित्र पालटले. तुर्कू स्टॉकहोमला फार जवळचे, म्हणून झार पहिला अलेक्झांडर याने १८१२ मध्ये राजधानीचा मान हेलसिंकीला दिला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, सप्टेंबर १८२७ मध्ये, शहराला लागलेल्या आगीत तुर्कूचा सुमारे तीनचतुर्थांश भाग बेचिराख झाला. नॉर्डिक देशांच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी नागरी आग मानली जाते. लाकडी घरांच्या दाट वस्तीमुळे ज्वाला आवरता आल्या नाहीत. पुढच्याच वर्षी विद्यापीठही हेलसिंकीला हलले. नव्या शहराची आखणी वास्तुविशारद कार्ल लुडविग एंगेल याने केली. आज दिसणारे रुंद रस्ते आणि घरांच्या मधल्या मोकळ्या जागा ही त्या आगीची शिकवण होय.

आगीतून वाचलेली लुओस्तारिनमाकी ही टेकडीवरची कष्टकऱ्यांची वस्ती जशीच्या तशी राखण्यात आली असून, १९४० पासून ते हस्तव्यवसायांचे संग्रहालय आहे. येथील घरे दुसरीकडून आणून मांडलेली नाहीत. ती मूळच्याच जागी उभी आहेत. नदीकाठच्या एका जुन्या वाड्यात १९९० च्या दशकात कलासंग्रहालयासाठी खोदकाम सुरू असताना मध्ययुगीन शहराच्या भिंती आणि गल्ल्या हाती लागल्या. त्या आता ‘आबोआ व्हेतुस’ या संग्रहालयात पाहता येतात. नदी ओलांडण्यासाठी १९०४ पासून सुरू असलेली ‘फोरी’ ही छोटी तर आजही फुकट आहे. शहरासाठी एक दिवस पुरे. खरी सहल त्यानंतर सुरू होते.

नदीच्या उगमाकडे

आउरा नदीच्या काठाने वर चालू लागले, की काही वेळातच शहर मागे पडते आणि दोन्ही बाजूंना गहू, जव आणि मोहरीच्या वर्गातील पिवळ्या फुलांच्या पिकाची शेते लागतात. ही फिनलंडमधील सर्वांत जुन्या शेतजमिनींपैकी एक. येथील चिकणमाती मुळात समुद्राच्या तळाची. भूमी वर आली तशी ती नांगराखाली आली. नदीचे पाणी नेहमी गढूळ, तांबूस-करडे दिसते ते याच मातीमुळे. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे समुद्राशी तिचा संबंध येतो.

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर लिएतो गावच्या हद्दीत ‘वानहालिना’ म्हणजे ‘जुना किल्ला’ ही टेकडी आहे. येथे लोहयुगापासून मध्ययुगापर्यंत माणसाचा वावर होता. तुर्कूचा दगडी किल्ला उभा राहण्यापूर्वी या खोऱ्याचे रक्षण येथून होत असे. टेकडीच्या पायथ्याशी जुना वाडा व संग्रहालय असून, माथ्यावरून नदीचे संपूर्ण खोरे नजरेत येते. जवळूनच ‘हामे बैलवाट’ जाते. तुर्कूचा किल्ला आणि अंतर्भागातील हामेचा किल्ला यांना जोडणारी ही मध्ययुगीन वाट सुमारे १६० किलोमीटर लांबीची आहे. नदी-नाले टाळून, उंचवट्यांच्या कडेकडेने ती गेलेली दिसते. बैलगाडीला चिखल सोसत नाही, एवढे साधे गणित त्यामागे होते. आता तिचा बराचसा भाग डांबरी असून सायकलस्वारांच्या आवडीचा आहे.

शहराच्या आग्नेयेस कारिना येथे कुसिस्तो या बेटावर बिशपच्या किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने धर्मसुधारणेच्या काळात चर्चची सत्ता मोडून काढली. त्याच्या आज्ञेने १५२८ मध्ये हा किल्ला पाडण्यात आला. उरलेल्या भिंतींभोवती आता हिरवळ आणि जुने वृक्ष आहेत.

या राजाच्या हुकमतीची आणखी एक खूण शहराच्या पश्चिमेला, पुलाने जोडलेल्या रुइसालो बेटावर आहे. फिनलंडमधील ओक वृक्षांची सर्वांत मोठी राई येथे टिकून आहे. ओकचे लाकूड युद्धनौकांसाठी लागे, म्हणून हा वृक्ष राजाच्या मालकीचा ठरविला गेला होता. शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरचा ओकही त्याला तोडता येत नसे. परिणामी ओकविषयी त्याच्या मनात जिव्हाळा राहिला नाही; कोवळे रोप दिसताच ते उपटून टाकण्याकडे कल वाढला. रुइसालोची राई वाचली ती राजघराण्याची शिकारीची जागा असल्यामुळे. जुन्या पोकळ ओकांत आज दुर्मीळ कीटक आणि पक्षी राहतात. एकोणिसाव्या शतकात धनिकांनी बांधलेले नक्षीदार लाकडी बंगलेही याच बेटावर आहेत.

दलदलीतील शिवेचा दगड

तुर्कूच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर ‘कुर्येनराह्का’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९९८ मध्ये स्थापन झाले. येथे उंच पर्वत नाहीत, धबधबे नाहीत, मोठे प्राणी सहसा दिसत नाहीत. जे आहे ते म्हणजे दलदल आणि शांतता. फिनलंडच्या भूमीचा सुमारे एकतृतीयांश भाग मुळात दलदलीचा होता. त्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्रात गेल्या शतकात चर खणून पाणी काढून टाकण्यात आले, मुख्यतः लाकडासाठी झाडे वाढावीत म्हणून. दक्षिण फिनलंडमध्ये अस्पर्श दलदल त्यामुळेच दुर्मीळ झाली आहे.

दलदलीवरून चालण्यासाठी दोन-दोन फळ्यांची वाट टाकलेली असते. तिच्या खाली स्फॅग्नम जातीचे शेवाळ आहे. हे शेवाळ वरच्या बाजूने वाढते आणि खालच्या बाजूने मरते; आम्लयुक्त, प्राणवायू नसलेल्या पाण्यात ते कुजत नाही. त्याचे थर साचून पीट तयार होते, तेही वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. पायाखाली काही मीटर जाडीचा थर असेल, तर त्याचा अर्थ काही हजार वर्षे असा घ्यावा. थरांत अडकलेल्या परागकणांवरून त्या-त्या काळी भोवती कोणती झाडे होती आणि माणसाने शेती केव्हा सुरू केली, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. या अर्थाने दलदल हे तुर्कूच्या परिसराचे सर्वांत जुने दफ्तर आहे.

सावोयार्वी या तळ्याभोवतीची सुमारे ६ किलोमीटरची वाट नवख्यांनाही सहज जमते. उद्यानात कुहानकुओनो नावाचा जुना शिवेचा दगड आहे. अनेक गावांच्या हद्दी येथे एकत्र येत. शेतीला निरुपयोगी आणि कोणालाच नको असलेली जमीन म्हणून शीव दलदलीतून गेली. त्यामुळेच ती वाचली, असेही म्हणता येईल. जवळच्या पुक्किपालो भागातील जुन्या जंगलात पडलेली झाडे उचलली जात नाहीत. ओंडक्यांवर शेवाळ, शेवाळावर रोपे आणि रोपांत पक्षी, असा तेथील संसार चालतो.

मठ, वाडा आणि मूमिन

तुर्कूच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर नानताली हे लाकडी घरांचे टुमदार गाव आहे. ते वसले १४४३ मध्ये, संत ब्रिगिटा हिच्या पंथाच्या मठाभोवती. धर्मसुधारणेनंतर नव्या जोगिणींना प्रवेश बंद झाला. राहिलेल्यांना मरेपर्यंत तेथे राहू देण्यात आले आणि १५९१ मध्ये शेवटची जोगीण वारली. मठाबरोबर गावाचा आधारही गेला. पुढे पायमोजे विणून विकणे हा या गावाचा प्रसिद्ध व्यवसाय झाला. मठाचे दगडी चर्च आजही खाडीकडे तोंड करून उभे आहे. समोरच्या लुओन्नोनमा बेटावर ‘कुलतारांता’ हे राष्ट्राध्यक्षांचे उन्हाळी निवासस्थान असून, त्याचा दगडी मनोरा दुरूनही ओळखू येतो. मुलांसाठी येथील आकर्षण म्हणजे तोवे यानसन हिच्या मूमिन कथांवर आधारलेले, १९९३ मध्ये सुरू झालेले उद्यान.

नानतालीच्या वायव्येस आस्काइनेन येथे लोउहिसारी हा वाडा आहे. फ्लेमिंग या सरदार घराण्याने तो बांधला आणि १६५५ मध्ये पूर्ण केला. फिनलंडसारख्या गरीब व विरळ वस्तीच्या मुलखात एवढा दगडी प्रासाद त्या काळी अपूर्वच होता. पुढे तो मानरहाइम घराण्याकडे आला. १८६७ मध्ये कार्ल गुस्ताफ एमिल मानरहाइम याचा जन्म येथेच झाला. रशियन सैन्यातील अधिकारी, १९१८ च्या फिनिश यादवी युद्धातील एका पक्षाचा सेनापती, १९३९-४० च्या हिवाळी युद्धातील सरसेनापती आणि १९४४ ते १९४६ या काळातील राष्ट्राध्यक्ष, अशी त्याची कारकीर्द. १९१८ च्या त्या युद्धाच्या जखमा दीर्घकाळ भरल्या नाहीत. त्यामुळे काहींच्या लेखी तो राष्ट्राचा तारणहार आणि काहींच्या लेखी श्रमिकांना चिरडणारा सेनानी आहे. वाड्याभोवतीचा बगीचा आणि मागील समुद्राकाठ पाहण्याजोगा आहे.

बेटांचा समुद्र

नानताली आणि तुर्कूच्या पुढे जमीन संपत नाही, तिचे तुकडे होतात. या समुद्राला ‘सारिस्तोमेरी’ म्हणजे ‘द्वीपसमूहाचा समुद्र’ असेच नाव आहे. लहान-मोठे खडक किती धरायचे यावर बेटांची संख्या बदलते. परंतु ती काही दहा हजारांत जाते यात शंका नाही. किनाऱ्यालगतची बेटे मोठी, झाडीची आणि शेतीची. बाहेर जावे तसे झाड खुजे होत जाते आणि शेवटी केवळ गुळगुळीत गुलाबी-करडा खडक उरतो. हिमनद्यांनी हा खडक घासून पुसून काढला आहे. बाहेरच्या बेटांचा मोठा भाग १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

या भागात फिरण्याचा रूढ मार्ग म्हणजे ‘द्वीपसमूह वर्तुळमार्ग’. तुर्कूहून पारायनेन, नाउवो, कोर्पो, होउत्सकारी, इनियो, कुस्तावी आणि नानताली असा सुमारे २५० किलोमीटरचा फेरा पुलांवरून आणि तरींमधून पूर्ण होतो. रस्त्याचाच भाग मानल्या जाणाऱ्या पिवळ्या तरी विनामूल्य आहेत. होउत्सकारी ते इनियो या टप्प्याला मात्र भाडे पडते आणि ती तर केवळ उन्हाळ्यात असते. वेळ कमी असल्यास नाउवोहून रिमात्तिलामार्गे परतणारा लहान फेरा घेता येतो. सायकलने लहान फेरा दोन-तीन दिवसांत, तर मोठा पाच-सहा दिवसांत आरामात होतो.

येथील अनेक गावांत स्वीडिश ही पहिली भाषा आहे. पाट्यांवर ती आधी आणि फिनिश नंतर लिहिलेली असते. नाउवो व कोर्पो येथील मध्ययुगीन दगडी चर्च, लाल रंगाची होड्यांची घरे, माल्ट आणि काकवीसारख्या पाकाने गोडसर झालेला काळा पाव, हेरिंग मासे आणि रिमात्तिलाचे कोवळे बटाटे ही या वाटेवरची ओळख. बेटांवरची कुरणे हीही नैसर्गिक नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारून, गवत कापून आणि चाऱ्यासाठी झाडांच्या फांद्या छाटून माणसाने ती घडविली आहेत. तरुण शहरांकडे गेले, तशी ही कुरणे झाडोऱ्याने गिळली आणि त्यांवरची फुले व फुलपाखरेही गेली. आता काही बेटांवर उद्यानाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक मुद्दाम गवत कापतात व मेंढ्या सोडतात.

सेइली : परत न येण्याचे बेट

नाउवोजवळील सेइली या लहानशा बेटाला भेट दिल्याखेरीज ही सहल पूर्ण होऊ नये. १६१९ मध्ये राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने येथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढण्याची आज्ञा दिली. उपचार नव्हताच, हेतू होता तो रोग्यांना समाजापासून दूर ठेवण्याचा. येताना रोग्याने स्वतःच्या शवपेटीसाठी फळ्या बरोबर आणाव्यात असा नियम होता, असे सांगितले जाते. त्यांच्याबरोबर मनोरुग्ण आणि निराधार यांनाही येथे आणून सोडण्यात येई. शेवटचा कुष्ठरोगी १७८५ मध्ये मरण पावला. त्यानंतर ते मनोरुग्णालय म्हणून चालू राहिले. १८८९ पासून येथे केवळ स्त्रिया ठेवण्यात येत. त्यांतील अनेकींच्या वाट्याला पुन्हा घर आले नाही. १९६२ मध्ये हे रुग्णालय बंद झाले.

१७३३ मधील लाकडी चर्च अद्याप उभे आहे. त्यात रोग्यांना बसण्यासाठी कठड्याने वेगळा केलेला भाग स्पष्ट दिसतो. चर्चच्या आवारात वाऱ्याने झिजलेले क्रूस आहेत. आजूबाजूला गवत, रानफुले आणि निळे पाणी. एवढ्या सुंदर जागी एवढे दुःख कसे मावले असेल, असा प्रश्न येथे येणाऱ्यास पडतोच. जी सुंदर जागा पर्यटकाला निवांत वाटते, ती तिथून जाता न येणाऱ्यास कशी वाटली असेल, हे सेइलीत उमगते.

१९६४ पासून रुग्णालयाच्या इमारतीत तुर्कू विद्यापीठाची द्वीपसमूह संशोधन संस्था आहे. समुद्राचे तापमान, क्षारता, हेरिंगची वाढ, गोचिडांचा प्रसार यांच्या नोंदी येथे दशकानुदशके ठेवल्या जात आहेत. ज्यांना समाजाने नजरेआड केले त्यांचे हे बेट आता समुद्राकडे सर्वांत बारकाईने पाहते.

आजारी समुद्र, सावरलेला गरुड

या नोंदी काय सांगतात? बाल्टिक समुद्राचे पाणी मचूळ आहे. सारिस्तोमेरी उथळ आहे, त्याची सरासरी खोली अवघी २३ मीटर. महासागराशी होणारी पाण्याची देवघेव अत्यंत संथ. अशा समुद्रात शेतांतून वाहून येणारी फॉस्फरस आणि नत्रयुक्त खते साचत जातात. आउरासारख्या नद्यांचे गढूळ पाणी हेच त्यांचे वाहन. पोषणद्रव्यांच्या या अतिरेकाने शैवाल माजते, तळाशी ते कुजताना प्राणवायू संपतो आणि तळातून आणखी फॉस्फरस सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडला, की नील-हरित शैवालाचा हिरवट साय पाण्यावर पसरतो. तो विषारी असू शकतो.

सांडपाण्याचे शुद्धीकरण बरेच सुधारले आहे. शेती ही मात्र अवघड बाब राहिली. अलीकडच्या वर्षांत शेतांवर जिप्सम पसरण्याचा उपाय सरकारी खर्चाने मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. जिप्सममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि फॉस्फरस शेतातच टिकतो. परंतु तळाशी साचलेले ओझे एका पिढीत उतरणार नाही, हेही शास्त्रज्ञ स्पष्टपणे सांगतात.

निराश होण्याचे कारण नाही, हे पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाने दाखविले आहे. डीडीटी आणि पीसीबी या रसायनांमुळे त्याची अंडी उबेनाशी झाली आणि १९७० च्या दशकात तो फिनलंडमधून नामशेष होण्याच्या बेतात होता. ती रसायने बंद झाली. स्वयंसेवकांनी हिवाळ्यात बर्फावर विषमुक्त मांस ठेवून गरुडांना जगविले, घरट्यांवर पहारे दिले. आज देशात त्यांच्या शेकडो जोड्या आहेत आणि तरीच्या डेकवरूनही हा पक्षी सहज दिसतो.

सर्वांचा हक्क, सर्वांची राखण

फिनलंडच्या ग्रामीण भागात हिंडणाऱ्यास एक गोष्ट विशेष जाणवते. जंगलांना फाटके नाहीत, राष्ट्रीय उद्यानांना प्रवेशशुल्क नाही. जमीन कोणाचीही असो, तेथून पायी, सायकलने वा स्कीवरून जाण्याचा, थोड्या काळासाठी तंबू ठोकण्याचा, रानातील बेरी व अळंबी वेचण्याचा आणि साध्या गळाने मासे धरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हा हक्क परदेशी पाहुण्यालाही लागू आहे. तो रूढीतून आला आणि कायद्यांनी त्याच्या मर्यादा आखून दिल्या. कोणाच्या अंगणाजवळ जायचे नाही, उभ्या पिकात शिरायचे नाही, झाड तोडायचे नाही, घरट्यांना त्रास द्यायचा नाही, मालकाच्या परवानगीविना विस्तव पेटवायचा नाही आणि कचरा मागे ठेवायचा नाही. राष्ट्रीय उद्यानांत नियम अधिक कडक असतात. तंबू व शेकोटी नेमून दिलेल्या जागीच, आणि वणव्याचा इशारा असेल तर उघड्यावर शेकोटी नाहीच.

राजाच्या ओकांची गोष्ट आणि या हक्काची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. जे झाड केवळ राजाचे होते, ते राखावे असे शेतकऱ्याला वाटले नाही. जे रान सर्वांचे आहे, ते मात्र बहुतेक जण राखतात. समुद्रही सर्वांचाच, पण त्याच्यात काय वाहून जाते, याची जबाबदारी दीर्घकाळ कोणीच घेतली नाही. तुर्कूच्या परिसरातील चार दिवसांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शिकण्यासारखे असेल तर ते हेच.

सहलीसाठी उपयुक्त माहिती

कसे जावे : फिनलंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. हेलसिंकी विमानतळापर्यंत विमानाने आणि पुढे रेल्वे किंवा बसने तुर्कू. स्टॉकहोमहून रात्रीच्या जहाजानेही येता येते. पहाटे बेटांमधून होणारा प्रवेश हा या मार्गाचा विशेष लाभ. रुइसालो, नानताली आणि लिएतोकडे शहर बस जातात. कुर्येनराह्का आणि लोउहिसारीसाठी भाड्याची मोटार सोयीची.

केव्हा जावे : जून ते ऑगस्ट हा उत्तम काळ. जूनअखेरीस दिवस सुमारे १९ तासांचा असतो, तर डिसेंबरात सहा तासांहूनही कमी. अनेक संग्रहालये आणि बेटांच्या तरी उन्हाळ्यापुरत्याच चालू असतात. त्यांचे वेळापत्रक निघण्यापूर्वी तपासावे. जूनच्या उत्तरार्धातील ‘युहानुस’ या सणाला पुष्कळ दुकाने बंद राहतात आणि शहरे ओस पडतात. दलदलीसाठी सप्टेंबरही चांगला. तेव्हा बेरी असतात आणि पाने लाल-पिवळी होतात.

कोठे राहावे : शहरात हॉटेले आहेत, परंतु अनुभव घ्यावा तो पाण्याकाठच्या ‘मोक्की’चा, म्हणजे उन्हाळी घराचा. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात अशी पाच लाखांहून अधिक घरे आहेत. त्यांत बहुधा सौना असतेच. फिनिश सौना-संस्कृतीचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. काही घरांत नळाचे पाणी वा आतील शौचालय नसते. आरक्षण करताना विचारून घ्यावे.

खाणेपिणे : नळाचे पाणी निर्धोक आहे. शाकाहारींना राईचा पाव, नवे बटाटे, अळंबी, बेरी आणि भाताची खीर भरलेली कारेलियन पेस्ट्री सहज मिळते. वाटाण्याच्या सूपमध्ये बहुधा डुकराचे मांस असते, हे ध्यानात ठेवावे.

काळजी : बेटांवर गोचिडांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्यामुळे लाइम रोग आणि मेंदूज्वराचा एक प्रकार होऊ शकतो. लांब विजार घालावी, रोज रात्री अंग तपासावे. मुक्काम मोठा असल्यास लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिरवट साय दिसल्यास पोहू नये आणि मुलांना पाण्यात सोडू नये. काडी बुडवून पाहावी. ती उचलताना धाग्यांसारखे काही न लटकता साय विरून गेला, तर ते नील-हरित शैवाल असण्याचा संभव अधिक. दलदलीत फळ्यांची वाट सोडू नये. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवावा.